स्पिंडलशेजारची टॉर्च

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये व्हीएमसीच्या, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या, टेबलावर पोलादी तबकडी बांधलेली आहे. व्यास ३०० मिलिमीटर, जाडी २०. तिच्यावर खडूनं सहा वळसेदार रेघा मारल्या आहेत. मधल्या बोअरजवळ सुरू होऊन त्या कडेपर्यंत झुकत गेल्या आहेत. संध्याकाळपर्यंत या सहा रेघांवर सहा पाती उभी राहायची आहेत, प्रत्येकाची उंची ४० मिलिमीटर. ही पाती वेल्डिंगच्या वायरीचे थर एकावर एक चढवून, याच मशीनवर उभारायची आहेत.

मशीन जुनं आहे. अंगावरचा रंग जागोजागी उडालाय, कंट्रोलरच्या बटणांवरची अक्षरं बोटांनी घासून पुसट झालीत. नवीन आहे ती स्पिंडलच्या डाव्या अंगाला बसवलेली जोडणी. एक जाड ब्रॅकेट, त्यावर छोटा न्यूमॅटिक सिलिंडर आणि सिलिंडरच्या टोकाला वेल्डिंगची टॉर्च. मिलिंग चालू असताना टॉर्च वर उचलून बाजूला राहते, वेल्डिंगच्या वेळी खाली येते. तिची केबल वरच्या आडव्या पाइपवरून वायर फीडरकडे गेली आहे. बाजूला वायरीनं वेल्डिंग करणारं सीओटू मशीन आणि मिक्स गॅसचं सिलिंडर, त्यात ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड. अशी वेल्डिंग मशीनं या भागात गल्लोगल्ली सापडतात.

"ताई, हेल्मेट घातल्याशिवाय फुडं यायचं न्हाई बगा," वेल्डर मामा मला बजावतात आणि स्वतःचं हेल्मेट माझ्या हातात देतात. दुसरं हेल्मेट ते खुंटीवरून काढतात. व्हीएमसीच्या दाराला आतून गडद काच लावलेली आहे. तरी वरून आणि बाजूनं प्रकाश निसटतो, म्हणून भोवती जाड पडदे सोडलेत. धूर ओढायला डोक्यावर एक्झॉस्ट आहे.

तबकडी आणि पाती मिळून होणारा हा इंपेलर एका जुन्या पंपाचा आहे. पंप बनवणारा कारखाना केव्हाच बंद झाला आणि त्याचे लाकडी पॅटर्न कुठं गेले कुणालाच माहीत नाही. गिऱ्हाइकाला दोनच नग हवेत, एक पंपात घालायला आणि एक शिल्लक ठेवायला. फौंड्रीच्या गावात ओतकाम सहज व्हावं असं वाटतं. पण दोन नगांसाठी पॅटर्न करायचा, कोअर बॉक्स करायचा, मोल्ड बांधायचा आणि कुणाच्या तरी भट्टीत आपला नंबर लागायची वाट पाहायची, हा खर्च आणि हा वेळ कामाच्या किमतीत बसत नाही.

दुसरा रस्ता ठोकळ्यातून कोरण्याचा. शेडचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, कॅल्क्युलेटर न काढता हिशेब सांगतात. ३०० व्यासाचा आणि ६० मिलिमीटर जाडीचा ठोकळा साधारण ३३ किलोचा. पाती सोडून बाकीचं सगळं कटरनं काढायचं, म्हणजे २० किलोच्या वर पोलाद चिप होऊन भंगारात. शिवाय तेवढं कापण्यात मशीनचा वेळ आणि कटरच्या धारा. थर चढवून केलं तर तबकडीवर जेमतेम दीड-पावणेदोन किलो वायर लागते.

"मग चार मिलिमीटरच्या पट्ट्या वाकवून वेल्ड का करत नाही?" मी विचारते.

मामा लगेच मान डोलावतात. "साधं पातं असतं तर मीच मारलं असतं. पर हे खाली जाड हाय, वर पातळ. आणि वाक बगा, सुरुवातीला एक, शेवटाला वेगळाच. असली पट्टी वाकवायला डाय करावी लागंल. बरं, वाकवली तरी दोन पात्यांच्या मधी आत कोपऱ्यात टॉर्च कुठनं घालायची?"

या जॉबला ही पद्धत का, याचं उत्तर मला एवढ्यात मिळतं.

ऑपरेटर विशीतला आहे, डिप्लोमा झालेला. कंट्रोलरच्या पडद्यावर तो प्रोग्रॅम वर-खाली करून दाखवतो. सगळी मेख एका ओळीत आहे. एम०८. एरवी हा कूलंट सुरू करण्याचा कोड. इथं कूलंटच्या पंपाकडे जाणारी ती तार काढून एका रिलेला जोडली आहे आणि रिले सीओटू मशीनच्या ट्रिगरला. त्यामुळं प्रोग्रॅममध्ये एम०८ आलं की आर्क पेटतो, एम०९ आलं की विझतो. कंट्रोलरला वाटतं तो कूलंट सोडतोय. नवा कंट्रोलर नको, नवं सॉफ्टवेअर नको. एक रिले आणि दोन तारा एवढ्यात कापणारं मशीन चढवणारं झालं.

बाकीची तयारी मात्र इतकी सोपी नाही. दादा मला वाकून तबकडीखाली पाहायला लावतात. तबकडी थेट टेबलावर बसवलेली नाही. खाली ॲल्युमिनियमची जाड प्लेट आहे, तिच्या पोटातून पाणी फिरतंय. त्या प्लेटच्याही खाली वीज अडवणारी हायलमची शीट आणि क्लॅम्पच्या बोल्टांना हायलमचेच बुश. वेल्डिंगची अर्थिंगची केबल सरळ तबकडीला चिमट्यानं पकडलीय.

"करंट परत जायला वाट शोधतो," दादा सांगतात. "ती वाट मशीनच्या अंगातून गेली तर बॉलस्क्रू आणि बेअरिंग संपली. बेअरिंगच्या गोळ्यांवर ठिणग्या उडून खड्डे पडतात. वेल्डिंग बरं होतं, मशीन मरतं. म्हणून पहिलं काम हेच, करंटला बाहेरच्या बाहेर वळवायचं."

मग टिग वेल्डिंग का वापरत नाही, असं मी विचारल्यावर ऑपरेटर उत्तर देतो. टिगचा आर्क पेटवताना बऱ्याच मशीनमध्ये उच्च वारंवारतेचा झटका दिला जातो. तो हवेतूनसुद्धा कंट्रोलरच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोहोचतो आणि मशीन मध्येच भलतंच वागायला लागतं. सीओटूमध्ये वायर जॉबला टेकते आणि आर्क सुरू होतो, झटक्याची गरजच नाही. शिवाय भरणीची वायर टॉर्चच्या मधूनच येते, त्यामुळं पातं कुठंही वळलं तरी वायरची दिशा सांभाळत बसावं लागत नाही.

स्लाइडवर, पत्र्याच्या कव्हरवर सगळीकडे आग न धरणारं कापड अंथरलंय. मामा ते पुन्हा एकदा हातानं दाबून बसवतात. एक स्पॅटर जरी रेलवर पडला तर मशीनची अचूकता तिथं थांबते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

"चला," दादा म्हणतात.

पडदे ओढले जातात. ऑपरेटर सायकल स्टार्ट दाबतो. टॉर्च खट्कन खाली येते, तबकडीपासून १५ मिलिमीटरवर थांबते. क्षणभर गॅसची फुसफुस ऐकू येते आणि मग काचेत पांढरानिळा बिंदू पेटतो. टॉर्च जागेवरच आहे, हलतंय ते टेबल. अर्धा सेकंद थांबून, धातू नीट वितळू देऊन तबकडी सरकायला लागते आणि बिंदूमागं लालभडक रेघ उमटत जाते. सतरा सेकंदांत ११० मिलिमीटरची रेघ पूर्ण. प्रकाश विझतो. टेबल झपकन सरकतं आणि आर्क पेटतो तो शेजारच्या रेघेवर नव्हे, बरोबर समोरच्या रेघेवर.

आकडे ऑपरेटरला तोंडपाठ आहेत. वायर १.२ मिलिमीटरची, वेग मिनिटाला चार मीटर. टेबलाचा फीड मिनिटाला ४०० मिलिमीटर. त्यातून साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि जेमतेम दोन मिलिमीटर उंच बीड, म्हणजे धातूची रेघ, मिळते. पहिल्या चार थरांत प्रत्येक पात्याला शेजारी शेजारी दोन बीड आहेत, कारण मूळ जाड हवं. दोन बीडमधलं अंतर सव्वाचार मिलिमीटर ठेवलंय, म्हणजे बीडच्या रुंदीच्या दोन तृतीयांशाहून थोडं जास्त. अंतर कमी झालं तर दुसरी बीड पहिलीच्या डोक्यावर चढते, जास्त झालं तर मधे खोबण राहते आणि पुढच्या थराखाली पोकळी गाडली जाते.

आता क्रम लक्षात यायला लागतो. पहिलं पातं, मग चौथं. दुसरं, मग पाचवं. तिसरं, मग सहावं. म्हणजे एका पात्यावर परत येईपर्यंत बाकी पाच पात्यांचा वेळ त्याला थंड व्हायला मिळतो. तबकडीही एका अंगाला वाकत नाही, कारण इकडं ओढ बसली की लगेच समोरून तेवढीच ओढ बसते. हा क्रम कुणी लावला, असं मी विचारते. ऑपरेटर मामांकडं बोट दाखवतो.

"टाकीचा तळ मारतोय काय, चाकाचा रिम मारतोय काय, समोरासमोर मारायचं. एका बाजूनं मारत सुटलं की वाटी होती," मामा म्हणतात. चाळीस वर्षं हातानं वेल्डिंग करणाऱ्या माणसाला पोलाद कुठं ओढ घेईल हे डोळ्यांसमोर दिसतं. प्रोग्रॅमला ते आपोआप कळत नाही. कुणीतरी ते त्याच्यात घालावं लागतं.

दिशासुद्धा थरागणिक उलटते. थंड तबकडीवर बीडची सुरुवात होते तेव्हा धातू नीट पसरत नाही, तिथं उंचवटा राहतो. शेवटाला उष्णता साचलेली असते, धातू पसरतो आणि खळगा पडतो. प्रत्येक थर त्याच बाजूनं सुरू केला तर दहा थरांत पात्याचं एक टोक वर आणि दुसरं खाली. म्हणून एक थर आतून बाहेर, पुढचा बाहेरून आत. गवंडी जसा विटांचा सांधा एकावर एक येऊ देत नाही, तशीच ही काळजी आहे.

सहावा थर संपतो. टेबल थांबतं, टॉर्च वर जाते. मामा दार किंचित उघडून, हात लांब करून तापमानाच्या खडूनं एका पात्यावर रेघ मारतात. हा खडू १५० अंशांना वितळणारा. रेघ लगेच ओघळते.

"अजून गरम हाय. थांबा."

चहा येतो. शेडच्या दारातून समोरच्या लेथचा आवाज आणि पलीकडून ताज्या कास्टिंगच्या वाळूचा जळका वास येतोय. गल्लीत एका टेंपोतून पंपांच्या बॉडी उतरवल्या जाताहेत. थांबण्याच्या या वेळात दादा मोकळे होतात.

ही कल्पना आपली नाही, हे ते आधीच सांगतात. पवईच्या आयआयटीत प्रा. के. पी. करुणाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएनसी मिलिंग मशीनला वेल्डिंगची टॉर्च जोडून थर चढवायचे आणि त्याच मशीनवर ते कापून अचूक करायचे, असं काम उभं केलं. २००९ आणि २०१० मध्ये त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. असलेल्या मशीनलाच नवं काम द्यायचं आणि जोडणीचा खर्च कमीत कमी ठेवायचा, हा त्या कामाचा गाभा. पुढं २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत जोशुआ पिअर्स यांच्या गटानं साधं मिग वेल्डिंग मशीन आणि मुक्त आराखड्यांची थ्रीडी प्रिंटरची चौकट एकत्र करून २,००० डॉलरच्या आत धातूचा प्रिंटर बांधला आणि त्याची सगळी माहिती खुली केली. २०२१ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कालव्यावर १२ मीटर लांबीचा स्टेनलेस स्टीलचा पादचारी पूल खुला झाला, तोही यंत्रमानवांच्या हातात वेल्डिंगची टॉर्च देऊन थरांनी उभारलेला.

मुळापर्यंत गेलं तर आणखी मागं जावं लागतं. वेस्टिंगहाउस कंपनीसाठी राल्फ बेकर यांनी १९२० साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, तो १९२५ मध्ये मंजूर झाला. त्यात वितळत जाणाऱ्या इलेक्ट्रोडनं धातूचे थर चढवून शोभेच्या वस्तू बनवायची रीत सांगितली आहे. म्हणजे कल्पना शंभर वर्षांची. तेव्हा नव्हता तो टॉर्च दरवेळी नेमक्या जागी नेणारा हात. आज तो हात औद्योगिक वसाहतींतल्या कित्येक शेडमध्ये उभा आहे.

धातूच्या पावडरवर लेझर फिरवणारी मशीनं मला ठाऊक आहेत. त्यांच्यावर होणारं काम अप्रतिम असतं, रॉकेटच्या इंजिनातल्या बारीक वाटासुद्धा त्यांत निघतात. पण त्यांची किंमत कोटींत जाते आणि पावडरचा भाव किलोला हजारांत. इथली तांब्याचा मुलामा दिलेली वायर किलोला शंभर-दीडशे रुपयांची आहे आणि सीओटू मशीन लाख-दीड लाखाचं. बारीक नक्षी या वायरीतून कधीच निघणार नाही. तिला सहा मिलिमीटरहून अरुंद भिंत चढवता येत नाही, तीन अक्षांच्या मशीनवर लटकणारा भाग उभारता येत नाही. पण तासाला दोन किलो पोलाद ती सहज चढवते, आणि पंपाच्या इंपेलरला, झिजलेल्या डायला, तुटलेल्या मोठ्या दात्याला तेवढंच हवं असतं.

मामा परत खडू लावतात. या वेळी रेघ कोरडी राहते.

पुढचे थर सुरू होतात. आता पाती खरोखर पात्यांसारखी दिसायला लागली आहेत. बाजू खडबडीत आहेत, थरांच्या कडा मोजता येतील इतक्या ठळक. जसजशी भिंत चढते तसतशी उष्णता खाली तबकडीत उतरायला वेळ लावते, कारण वाट एकच आणि ती अरुंद. म्हणून वरच्या थरांना थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा लागतो. ऑपरेटरनं तो प्रोग्रॅममध्ये जी०४ नं टाकलाय, खाली थोडा, वर जास्त. हे आकडे त्यानं मामांच्या खडूवरून काढलेत.

मी काचेतून पाहते. मामा मात्र पाहत नाहीत. पडद्याबाहेर स्टुलावर बसून, मान खाली घालून ते फक्त ऐकताहेत. आर्कचा आवाज एकसारखा आहे, कोरडा आणि सलग.

चौदाव्या थरात, पाचव्या पात्यावर, आवाज फुटतो. माझ्या कानाला फरक कळायच्या आत मामांनी हात वर केलाय. "बंद कर!"

ऑपरेटरचा हात फीड होल्डवर जात नाही. तो बाजूच्या वेगळ्या लाल बटणावर जातो. आर्क आणि टेबल एकदमच थांबतात. हे बटण का, ते तो मला नंतर समजावतो. फीड होल्ड दाबलं की टेबल थांबतं, पण कूलंट चालूच राहतो. कुठल्याही व्हीएमसीवर तसंच असतं आणि कापताना ते योग्यच. इथं कूलंट म्हणजे आर्क. टेबल थांबून आर्क पेटता राहिला तर एकाच जागी वितळलेल्या धातूचा ढीग होतो, पातं ढासळतं. म्हणून दोन्ही एकदम तोडणारं बटण वेगळं बसवलंय. यंत्राला त्याच्या मूळ कामापेक्षा वेगळ्या कामाला लावायचं तर त्याच्या जुन्या सवयी कुठं नडतील हे आधी शोधावं लागतं.

दार उघडतं. मामा नोझल काढून टॉर्चची कॉन्टॅक्ट टिप बाहेर काढतात आणि माझ्यासमोर धरतात. भोक एका अंगाला झिजून लांबट झालंय. वायर त्यात डुगडुगते, करंट तुटक मिळतो, आर्क अडखळतो. नवी टिप बसते. पाचव्या पात्याच्या माथ्यावर अर्ध्या वाटेत एक ओबडधोबड गाठ आणि तिच्यापुढं सच्छिद्र, काळपट पट्टा.

हातानं वेल्डिंग असतं तर इथं ग्राइंडर आला असता आणि किती घासायचं ते अंदाजावर. प्लास्टिकचा प्रिंटर असता तर जॉब फेकून द्यावा लागला असता. इथं ऑपरेटर टूल बदलतो, ऑफसेट बदलतो. टॉर्च आणि स्पिंडल यांच्या केंद्रांतलं अंतर एकदाच नेमकं मोजून जी५४ आणि जी५५ मध्ये भरलंय, त्यामुळं मशीनला दोघांच्याही जागा ठाऊक आहेत. पाती निवल्यावर स्पिंडल फिरतो आणि कार्बाइडचा कटर सहाही पात्यांच्या माथ्यावरून जातो. कूलंट नाही, फक्त हवेचा फवारा. कारण पाण्याचा थेंब राहिला तर पुढच्या थरात हायड्रोजन शिरतो आणि छिद्रं पडतात.

सच्छिद्र थर निघून जातो. खाली स्वच्छ, चकाकतं, भरीव पोलाद दिसतं. पडद्यावर झेड अक्षाचा आकडा आहे आणि तो खरा आहे. सहाही पाती एका पातळीत आली. आता पुढचा थर नेमका कुठून सुरू करायचा याबद्दल शंका उरत नाही. मशीन टूलला टॉर्च जोडण्याचा खरा फायदा मला या क्षणी समजतो. चढवणं आणि कापणं एकाच बैठकीत, एकाच मापावर होतं. वेल्डिंग अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालं तरी चालतं, कारण मागून येणारा कटर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शावर काम करतो.

सव्वीस थर लागतात. मधे मधे फेसिंग झाल्यामुळं हिशेबापेक्षा दोन जास्त.

दुपार कलते. सहा पाती पूर्ण उंचीला पोहोचली आहेत. पाणी फिरून फिरून तबकडी हात लावण्याइतकी थंड झाली की रफिंग सुरू होतं. कटर पात्यांच्या बाजूंनी फिरतो आणि थरांच्या कडा एकेक करून नाहीशा होतात. चारही बाजूंनी अर्धा मिलिमीटर अलाउन्स ठेवायचा आहे. कारण हा जॉब इथून हीट ट्रीटमेंटला जाईल, तिथं ६०० अंशांच्या वर तापून सावकाश निवेल आणि वेल्डिंगनं पोलादात साठलेला ताण सैल पडेल. त्याआधीच शेवटचं माप काढलं तर भट्टीतून येताना ते हललेलं असेल. फिनिशिंग, बोअर आणि बॅलन्सिंग त्यानंतर.

रफिंग झाल्यावर डीपी टेस्ट, म्हणजे रंगानं भेगा आणि छिद्रं शोधायची चाचणी. मामा पात्यांवर लाल रंग फवारतात, दहा मिनिटं थांबतात, फडक्यानं स्वच्छ पुसतात आणि पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर मारतात. सगळे वाकून बघताहेत. पाच पाती पांढरीशुभ्र. दुसऱ्या पात्यावर, कडेच्या टोकाशी, एक लाल ठिपका हळूहळू मोठा होतो.

दादा काही बोलत नाहीत. ऑपरेटर प्रोग्रॅममध्ये तो बिंदू शोधतो. आठवा थर, बाहेरून आत जाणारा, आणि ठिपका बरोबर आर्क पेटण्याच्या जागी. गॅसचं आवरण पूर्ण बसायच्या आत वायर टेकली असणार.

"ह्ये भरून काढतो मी," मामा म्हणतात. "खोदून, परत मारून. पर दुसऱ्या नगाला असं करायचंच न्हाई. प्लेटचा सांधा मारताना आम्ही काय करतो? दोन्ही टोकांना पट्टी टॅक करतो. आर्क पट्टीवर पेटवायचा, पट्टीवरच इझवायचा. नंतर पट्टी तोडून टाकायची. खराब असतंय ते सगळं पट्टीत जातंय."

ऑपरेटर एकदम मान वर करतो. "म्हणजे पातं दोन्ही टोकांना लांब उभारायचं?"

"आठ मिलिमीटर. आणि शेवटाला तू कापून टाक की."

"पण मामा, बाहेरच्या टोकाला तबकडी संपते. खाली आधार कुठाय?"

मामा तबकडीच्या कडेवर बोट टेकवतात. "मग तबकडीच मोठी घे. शेवटाला लेथवर तीनशेची करू."

मी हे संभाषण जसंच्या तसं लिहून घेते, कारण मी ज्यासाठी आले होते ते यात आहे. स्वस्त थ्रीडी प्रिंटिंग म्हटलं की लोक मशीनची किंमत विचारतात. मशीन तर इथं पंधरा-वीस वर्षांपासून उभं आहे. रिले, ब्रॅकेट, हायलमची शीट हा खर्च कुणालाही परवडेल. जे विकत आणता येत नाही, ते या दोघांच्या मधे आत्ता घडलं. प्लेटच्या सांध्याला पट्टी जोडण्याची रीत एका माणसाच्या हातात होती, ती दुसऱ्या माणसाच्या प्रोग्रॅममध्ये गेली. वेल्डरला बाजूला सारून फक्त टॉर्च मशीनला बांधली असती, तर समोरासमोरचा क्रम कुणी सुचवला असता? चौदाव्या थरात हात कुणी वर केला असता? आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत जुनी व्हीएमसी आणि जुने वेल्डर यांची कमतरता नाही. त्यांना एका टेबलाभोवती आणणं बाकी आहे. आयटीआयमध्ये वेल्डर आणि मशिनिस्ट हे दोन वेगळे ट्रेड आहेत, दोन वेगळ्या शेडमध्ये शिकवले जातात. या एका जॉबसाठी ते दोन्ही लागले आणि दोघांनाही एकमेकांचं काम समजावं लागलं. शिकवणाऱ्यांनी एकदा या गल्लीत येऊन हा जॉब होताना पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

दादा गॅस कटिंगवाल्याला फोन लावतात. "तीनशेची नको, तीनशेवीस कर. जाडी तीच, वीस. उद्या सकाळी पायजे."

ऑपरेटर सहाही पात्यांचे सुरुवातीचे आणि शेवटचे बिंदू आठ-आठ मिलिमीटरनं बाहेर सरकवतो. एम०८ च्या आधी गॅससाठी एक सेकंदाचा वेगळा आउटपुट टाकता येईल का, हे तो रिलेच्या वायरिंगच्या कागदावर आखून बघतो. कंट्रोलरजवळ टांगलेल्या वहीत तारखेखाली तो दोन ओळी लिहितो आणि वही मामांपुढं धरतो. मामा चष्मा लावून दोन्ही ओळी वाचतात, 'थांबणे' या रकान्यातला विसाव्या थरापुढचा आकडा खोडून मोठा आकडा लिहितात, आणि पेन परत देतात.